आधी सांगा, मग दाबा

सरांची माझी ओळख डब्यावरून झाली. कॉलेजात रुजू झाले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी डब्याचं झाकण काढायला गेले, तर समोर बसलेल्या गृहस्थांनी हात आडवा केला. म्हणाले, "मॅडम, थांबा. आधी सांगा, मग उघडा."

डबा आईनं भरला होता, आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. नेमकं तेच त्यांना हवं होतं. काल बाजार होता का, सकाळी फोडणीचा वास कसला आला, डबा बुडाला तेलकट लागतोय का, असं विचारत विचारत त्यांनी माझ्याकडून 'दोडका' हे उत्तर काढून घेतलं आणि मग उघडायची परवानगी दिली. दोडका नव्हता, गवार होती. सरांना मनापासून आनंद झाला. उत्तर चुकल्याचा राग त्यांना कधीच नसे. उत्तर न सांगता झाकण उघडणाऱ्याचा मात्र फार असे.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्याच्या हद्दीत. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. रोज एसटीनं नदी ओलांडून यायची. सर राहू गावचे. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांपासून शेती, आणि सरांपासून गणित. ते स्वतःच्या मोटारसायकलवर येत, आणि परत जाताना मला फाट्यापर्यंत सोडत. पन्नाशी उलटलेली, सडसडीत बांधा, पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात कायम खडू. त्यामुळे खिशाचा भाग शर्टापेक्षाही पांढरा दिसे.

गणित आम्ही दोघंही शिकवायचो, पण वर्गसमीकरणाचा धडा आला की मी आपण होऊन बाजूला व्हायची. तो सरांचा प्रांत होता. त्या आलेखाला पुस्तकात अन्वस्त म्हणतात. सर तो शब्द देवाचं नाव घ्यावं तसा एकदाच घेत आणि मग थेट घमेल्यावर येत. एक्सच्या वर्गाच्या मागं धन संख्या असली तर घमेलं सरळ ठेवलेलं, ऋण असली तर उपडं. सरळ घमेल्याला बूड असतं, उपड्याला टोक असतं, त्या दोन्हीचं नाव शिरोबिंदू. "व्हर्टेक्स म्हंजी शिरोबिंदू, शिरोबिंदू म्हंजी शेंडा न्हाईतर बूड," असं ते एका दमात म्हणत, म्हणजे मराठी शाळेतून इंग्रजी पुस्तकात येऊन पडलेल्या पोरांना तिन्ही भाषांत एकदम कळे.

हे घमेलं वर्गापुरतं राहिलं नव्हतं. सरांच्या मते आमचे प्राचार्य उपडं घमेलं होते, कारण काहीही ओता, सगळं वाहून जायचं. शिवाय त्यांचा विवेचक ऋण होता. ज्या समीकरणाचा विवेचक ऋण असतो, त्याचा आलेख आडव्या अक्षाला शिवतच नाही. प्राचार्यांचं भाषण सुरू झालं की सर माझ्या कानाशी लागून म्हणत, "बघा, जमिनीला टेकतच न्हाई."

वर्गाच्या मधोमध त्यांनी फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत खडूनं रेघ मारून घेतली होती. तो सममितीचा अक्ष. एकीकडं मुलं, एकीकडं मुली, आणि प्रत्येकाला पलीकडं रेघेपासून तितक्याच अंतरावर बसलेलं आरशातलं भावंड. एका मुलानं आलेखावरचा एखादा बिंदू सांगितला की त्याच्या समोरच्या मुलीनं लगेच जोडीचा बिंदू सांगायचा, उंची तीच, बाजू फक्त बदललेली. कुणी गैरहजर असलं की पलीकडचं भावंड तक्रार करी, "सर, माझा आरसा आला न्हाई." एरवी एकमेकांशी बोलायला लाजणारी ती मुलंमुली या निमित्तानं एकमेकांची गैरहजेरी लक्षात ठेवू लागली होती.

विद्यार्थ्यांच्या लग्नाला सर आवर्जून जात. आमंत्रणापेक्षा त्यांना अक्षतांची ओढ जास्त. लोक मांडवात मागच्या रांगेतून आडव्या अक्षता भिरकावतात आणि त्या पुढच्याच्या मानगुटीवर बसतात, याचं त्यांना खरोखर दुःख होई. ते उभं राहून जागा हेरत, अंतरपाटाकडं बघत, आणि 'सावधान' आलं की हात खालून वर नेत असा काही झोका देत की अक्षता वर चढून, क्षणभर थांबल्यासारख्या होऊन, नवरानवरीच्या डोक्यावर अलगद उतरत. एका लग्नात त्यांनी शेजारच्या सगळ्या पाहुण्यांना ते शिकवायला घेतलं आणि शेवटचं मंगलाष्टक कुणी ऐकलंच नाही.

मग ती यंत्रं आली. जवळच्या एका कारखान्याच्या साहेबांनी सामाजिक कामाच्या खात्यातून कॉलेजला एक खोकं दिलं. आत आलेख काढणारी कॅल्क्युलेटर होती. समीकरण टाकायचं, कळ दाबायची, की छोट्या पडद्यावर आलेख हजर. प्राचार्यांनी फोटो काढले, आणि खोकं क्रीडास्पर्धांच्या ढालींशेजारी काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बोर्डाच्या परीक्षेत चालत नाहीत, पोरं मोडतील, हे त्यांचं म्हणणं.

सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मधल्या सुट्टीत खुर्ची त्या कपाटासमोर नेली आणि काचेकडं तोंड करून डबा खायला सुरुवात केली. भाकरीचा तुकडा मोडायचा, कॅल्क्युलेटरकडं बघायचं, चावायचं. प्राचार्यांचा येण्याजाण्याचा रस्ता तिथूनच. महिना संपायच्या आत किल्ली सरांच्या हातात आली.

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचा हा खडूवाला माणूस त्या यंत्रावर रागावेल. झालं उलटंच. ते लहान मुलासारखे त्याच्या प्रेमात पडले. फक्त नियम घातला. आधी सांगा, मग दाबा. घमेलं सरळ की उपडं, शिरोबिंदू कुठं, अक्ष कुठला, आडव्या अक्षाला कुठं छेदतंय, उभ्याला कुठं, हे सगळं कागदावर बीजगणितानं काढायचं, मोठ्यानं सांगायचं, आणि मग कळ दाबायची. जुळलं तर वर्गभर हुंकार उठे. नाही जुळलं तर सरांचा चेहरा खुले, कारण आता चूक कुणाची, कागदाची की बोटाची, हे शोधायला मिळणार. एका मुलानं सांगितलं, सर, हे मोबाइलमध्ये पण येतं. सर म्हणाले, येतं की, पण तिथं आलेख बघता बघता मेव्हण्याचा मेसेज येतो आन् पोरगं मेव्हण्याकडं जातं. ह्या यंत्राला सोयरे न्हाईत.

पुढच्या वर्षी कारखान्याचे साहेब बघायला आले. यंत्रं वापरात नसतील तर दुसऱ्या शाळेला देऊ, असं त्यांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे प्राचार्य सकाळपासून घाम पुसत होते. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं. एक्सचा वर्ग, वजा चाळीस एक्स, अधिक तीनशे एक्क्याण्णव. साहेब हौशी होते. पोरांनी कागद पुढं ओढले तोवर त्यांनी एक कॅल्क्युलेटर उचललं, पटापट आकडे टाकले आणि कळ दाबली. पडदा कोरा. पुन्हा दाबली. नुसते दोन अक्ष, आलेख नाहीच. त्यांनी यंत्र उलटं करून पाहिलं, दुसरं मागितलं. तेही कोरं. प्राचार्यांनी सरांकडं असं पाहिलं की तिथल्या तिथं निवृत्त करतील.

सर शांत. "कुणी सांगतंय का साहेबांना?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती मांडवगणच्या बाजूनं सायकलवर यायची आणि वर्गात सहसा बोलायची नाही. तिनं कागदाकडं न बघता सांगितलं. चाळीसचं अर्धं वीस. वीसचा वर्ग चारशे, आपल्याकडं आहेत तीनशे एक्क्याण्णव, म्हणजे नऊ कमी. म्हणून शिरोबिंदू वीस, उणे नऊ. घमेलं सरळ. नऊचं वर्गमूळ तीन, तर विसाच्या दोन्हीकडं तीन तीन सरकलं की आडवा अक्ष छेदतो, सतरावर आणि तेवीसवर.

"साहेब, यंत्र बिघडलेलं न्हाई," ती म्हणाली. "ते शून्याच्या आसपास बघतंय. आलेख विसापाशी हाय. खिडकी तिकडं न्या."

साहेबांनी पडद्याच्या सीमा बदलल्या, आणि तळाशी टेकून वर उघडलेलं सुबक घमेलं पडद्यावर आलं. साहेबांना हसू आवरेना. ते मुलांच्या बाकावरच बसले, म्हणाले, अजून एक द्या, या वेळी मी आधी सांगतो. चहा गार झाला तरी ते उठले नाहीत. यंत्रं अर्थातच कॉलेजातच राहिली.

त्याच सुमारास सर बाकांना धडकायला लागले.

आधी कुणाला काही वाटलं नाही. सर म्हणजे सर. शिक्षकांच्या खोलीतला माठ त्यांच्या कोपरानं पडला तेव्हा आम्ही हसलो, तेही हसले. कडेला बसलेल्या मुलांनी हात वर केलेला त्यांना दिसत नसे, पण ते म्हणत, हात कशाला, तोंड दिलंय की. कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर अगदी जवळ धरून, मान हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडं फिरवत बघायचे. आम्हाला वाटलं, नवी लकब. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर कुणीतरी काळजीनं विचारलं असतं. त्यांच्या बाबतीत विचित्र वागणं हेच नेहमीचं वागणं होतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या गाडीवर मागं बसले होते. पुलाच्या अलीकडं डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं लावलेली गाणी. मला तो लांबूनच दिसत होता. मला वाटलं, सर आता वेग कमी करतील, आता करतील. शेवटी मीच ओरडले. त्यांनी हँडल वळवलं आणि आम्ही दोघं गाडीसकट रस्त्याकडेच्या पाटाच्या चारीत गेलो. लागलं काही नाही, चारीत चिखल होता. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "मामा, एवढा डोंगर आल्याला दिसला न्हाई व्हय?"

सर चिखलातून उठत म्हणाले, हा मला दिलेल्या कक्षेच्या बाहेरून आला. ट्रॅक्टरवाला हसला. मला हसू आलं नाही, कारण गाडी उभी केल्यावर सर मान फिरवून दोन्हीकडचा रस्ता पुन्हा पुन्हा बघत होते.

त्या रविवारी मी राहूला त्यांच्या घरी गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गोठ्यातून हात धुऊन आल्या. अबोल बाई. कॉलेजात त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. राहूच्या बाजाराच्या पुढं त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या. मी चारीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, ताटात कडेला वाढलेलं लोणचं त्यांना दिसत न्हाई, मी मधी वाढते. कवापासनं ते आठवत न्हाई.

सरांना दवाखान्यात न्यायला तीन आठवडे लागले. त्यांचं म्हणणं, डॉक्टरनं आधी निदान सांगावं, मग तपासावं. शेवटी दौंडला माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं काकू आणि मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, आत डोकावून पाहिलं आणि नजर किती रुंद आहे ते मोजायच्या मशिनवर पाठवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, समोरच्या एका ठिपक्याकडं बघत राहायचं. आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. इतकंच.

काकू आणि मी पडद्याबाहेर बाकावर बसलो. आतून बटणाचा आवाज येऊ लागला. टिक, टिक, टिक, कसा अगदी ताडताड. काकूंचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, आपण उगीच घाबरलो.

मग मशिन चालवणारी मुलगी बाहेर आली. कंटाळलेली होती. म्हणाली, काकांचा रिपोर्ट धरता येत नाही, ते दिवा लागायच्या आधीच बटण दाबतायत. मी तीनदा समजावलं.

मी आत गेले. सर अंधारात त्या पांढऱ्या गोलासमोर बसले होते, हातात बटण. त्यांनी खुलासा केला की पद्धत त्यांना कळलेली आहे. डावीकडं वर एक दिवा लागला म्हणजे उजवीकडं वर त्याची जोडी असणारच. मग वाट कशाला बघायची? ते जागा आधी ओळखून दाबत होते. आवाजात तोच वर्गातला उत्साह होता, पण कपाळावर घाम होता. मला एकदम कळलं की त्यांना सगळं माहीत आहे.

"सर," मी म्हटलं, "हे वर्गसमीकरण आहे हे तुम्ही धरलंत कशावरून? सममिती आहे असं दिलंय कुठं?"

त्यांनी हनुवटी टेकूवरून उचलली.

"दिलेलं नसताना धरायचं नाही, असं तुम्हीच शिकवता."

त्यांनी बटण नुसतं चाचपलं. मग म्हणाले, "आन् उत्तर वाईट आलं तर?"

"आलं तर आलं. आपण तिघं आहोत की."

त्यांनी हनुवटी पुन्हा टेकवली. मुलीला म्हणाले, "लाव बाई. आता दिसंल तेवढंच दाबतो."

मी बाहेर येऊन काकूंशेजारी बसले. आतून टिक असा आवाज आला. मग काहीच नाही. मग पुष्कळ वेळानं एक. काकूंनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, थांबले का? मी म्हटलं, नाही, चालू आहे. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. पुन्हा एक टिक आली, आणि पुन्हा ती लांब शांतता. दोन्ही डोळे होईपर्यंत असंच चाललं.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. दोन गोल, मध्ये पांढरे, कडांनी काळे. त्यांनी नीट सांगितलं. जे गेलं ते परत येत नाही, जे आहे ते थेंब घालून राखता येईल, थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. सरांनी कागद जवळ घेतला, सवयीनं मान या बाजूनं त्या बाजूला फिरवत पाहिला. म्हणाले, "आयुष्यभर शिरोबिंदू शोधला डॉक्टर, आन् सापडला काचबिंदू." डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पुढं होऊन विचारलं, थेंब किती वाजता घालायचे ते मला सांगा, ह्यांना नको.

गाडी बंद, हे सरांना सगळ्यांत जड गेलं. राहूहून कॉलेजच्या वेळेला नीट एसटी नव्हती. ते रजेवर गेले. एक दिवस फोनवर मला म्हणाले, स्वेच्छानिवृत्तीचं बघतोय. मी समजावू लागले तर विषय बदलून विचारलं, आज डब्यात काय हाय. आधी सांगा, असं म्हणायला ते विसरले. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. वर्गात आरशातली भावंडं मला रोज विचारत, सर कवा येणार. मी वर्गसमीकरणाचा धडा पुढं ढकलत राहिले. शेवटी त्याच्या आधी घ्यायला दुसरा धडाच उरला नाही, आणि मी उद्या सुरू करते असं वर्गाला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जण फाटकाशी उभे होतो, तर रस्त्यावरून एक स्कूटी आली. फार हळू, अगदी रस्त्याच्या कडेनं, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर धरलेले. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि मागं, पिशवी छातीशी धरून बसलेले सर. मधल्या रजेच्या दिवसांत काकूंनी शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंकडून उसाच्या फडातल्या रस्त्यावर स्कूटी शिकून घेतली होती. सरांना आदल्या संध्याकाळपर्यंत सांगितलंही नव्हतं. पहिल्यांदाच त्या पूल ओलांडून एवढ्या लांब आल्या होत्या.

फाटकापाशी उतार आहे आणि तिथं नेहमीप्रमाणे पोरांच्या सायकली आडव्यातिडव्या पडलेल्या होत्या. सर मागून सूचना देत होते. डावीकडं घ्या, आता उजवीकडं, पुढं खड्डा असंल, ब्रेक आधी दाबा. काकूंनी मान वळवली नाही. दोन्ही हात हँडलवर घट्ट, नजर समोर.

"गप बसा मागं," त्या म्हणाल्या. "बघतीय मी."

सर गप बसले. स्कूटी सायकलींच्या मधून वळणं घेत आत आली आणि वर्गाच्या पायरीशी थांबली.